सिमेंटच्या टिपेतून गेलेली ओळ

माननीय अध्यक्ष कावाझोए साहेब, व्यासपीठावरचे ठेकेदार संघाचे पदाधिकारी, तोमिएबाई आणि कुवासाकी कुटुंबीय, नागासाकीच्या या बांधकाम दर केंद्रातले माझे सहकारी, आणि सकाळच्या बोटीने बेटांवरून आलेली मंडळी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी बोलणारा माणूस नव्हे. आमच्या बेटावरच्या शाळेत सगळ्या इयत्ता मिळून अकरा मुलं. तिथे मोठ्याने बोलायची कधी गरजच पडली नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

तोमिएबाई एकतीस वर्षांनी निवृत्त होत आहेत, असं निमंत्रणावर छापलं आहे. खरं तर त्या दीड वर्ष आधीच जात आहेत. का, ते या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. आधीच्या चारही वक्त्यांनी सौजन्याने तो विषय टाळला.

बाईंचं काम दर सांगण्याचं. सिमेंट, वाळू, सळई, लाकूड. पण फोन आला की बाई दर सांगतच नसत. निशिमुता ठेकेदारांचे फोन मी शेजारच्या टेबलावरून वर्षानुवर्षं ऐकले आहेत.

"बाई, सिमेंटचा काय भाव चाललाय?"

"काम कुठे आहे?"

"बेटावरच की."

"कुठल्या अंगाला? पश्चिमेला जानेवारीत बोट लागते का कधी?"

"अहो, भाव विचारला मी. सोयरीक जुळवताय का?"

"हसा! माल घेऊन बार्ज येईपर्यंत माणसं बसवून पोसाल, तेव्हा आठवेल ही बाई."

दोन वर्षांपूर्वी केंद्राने फोन बंद केला. आता दर विचारायचे ते एआयला. दर हुडकून आणणारी चौसष्ट टूल्स आपल्या संगणकवाल्यांनी बांधली, आणि प्रत्येक टूलची टीप लिहिली बाईंनी. हे टूल कधी वापरायचं, त्यातून येणारा दर कुठला, त्यात काय धरलेलं नाही. एआयला त्या टूलबद्दल एवढंच कळतं. टिपेत जे नाही, ते त्याच्या लेखी जगात नाही. म्हणून बाईंनी आपले सगळे प्रश्न त्या टिपांमध्ये उतरवले. सिमेंटच्या टिपेत त्यांनी लिहिलं होतं: "हा दर मुख्य भूमीवरच्या गोदामाचा आहे. सांगण्याआधी काम कुठे आहे ते विचार. मध्ये समुद्र असेल तर बार्जचं भाडं धर, आणि वाऱ्यात फुकट जाणारे दिवसही धर."

पुढे टिपा लांब झाल्या, उत्तरं रेंगाळू लागली. त्या आखूड करायचं ठरलं. आखूड केल्यावर सिमेंटच्या टिपेत एकच वाक्य उरलं: "सिमेंटचा चालू दर देते."

त्याच हिवाळ्यात निशिमुतांनी पश्चिमेकडच्या समुद्रभिंतीच्या कामासाठी दर विचारला. एआयने क्षणात उत्तर दिलं. काहीही न विचारता. त्यावर त्यांनी निविदा भरली, काम मिळालं, आणि बार्जचं भाडं समोर आलं तेव्हा हिशेब पार फसलेला होता. पण आमच्या बेटांवर एकदा सांगितलेला आकडा माणूस मागे घेत नाही. त्यांनी भिंत पुरी केली. मग आजोबांच्या काळापासूनची ठेकेदारीची पाटी उतरवून दुकान बंद केलं.

त्यानंतर ते इथे आले. भांडायला नव्हे, माफी मागायला!

"बाई, चुकलं माझंच. तुमच्या घरी फोन करायला हवा होता."

"मग का नाही केलात?"

"ते मशीन इतक्या आदबीने बोललं. मला वाटलं, तुम्हीच शिकवलंय त्याला."

बाई खुर्चीतून उठल्या. कमरेत वाकल्या, आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत.

चौकशीची बैठक झाली. टिपा संगणकात असतात, पण त्या कुणी लिहिल्या याचं पत्रक आपण अजून कागदाचं ठेवतो, आणि त्यावर 'लेखन' या चौकटीत बाईंचा सहीचा शिक्का होता. साहेबांनी विचारलं, "ही टीप कुणाची?" बाई उठल्या. "माझी. शिक्का माझा आहे." कागदावर शिक्का दिसल्यावर संगणकातली बदलांची नोंद कोण उघडतो? कुणी उघडली नाही. मी तिसऱ्या खुर्चीवर होतो. मी माझ्या चहाकडे पाहत राहिलो.

बैठकीनंतर जिन्यात मी त्यांना गाठलं.

"बाई, ती ओळ..."

"माहितीये. माझं लिहिलेलं कुणी कापलं ते मला कळणार नाही? मुली कितवीला आहेत तुमच्या?"

"थोरली नववीला. धाकटी सहावीला."

"मग गप्प बसा, शिराहामा."

मी गप्प बसलो. सात महिने. दर रविवारी मी चर्चला जातो. शेवटी फादरांपाशी बोललो. ते म्हणाले, "देवाला सांगितलंस, बरं केलंस. पण त्याला आधीच ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही, त्यांचं काय?"

अध्यक्षसाहेब, ती ओळ मी काढली. चौदा नोव्हेंबरला, जेवणाच्या सुट्टीआधी, बाईंना न विचारता. बेटावर जन्मलेल्या माणसाने समुद्र खोडला. बदलांची नोंद छापून आणली आहे, तिच्यात माझं नाव आहे, खाली मी माझा शिक्काही मारला आहे. ही आपल्यासमोर ठेवतो. बाईंच्या सेवापत्रकात लिहिलेला दोष तिथून काढून माझ्या पत्रकात घ्यावा. पुढे जे व्हायचं ते होवो.

बाई मान हलवून मला थांबवत आहेत. बाई, एकदा तुमचं ऐकलं. पुन्हा नाही ऐकणार.

याने निशिमुतांचं दुकान उघडणार नाही, हे मला कळतं. बाईंची दीड वर्षंही परत येणार नाहीत. पण त्या आज या दारातून बाहेर पडतील, तेव्हा त्यांच्या नावावर माझं काही असू नये.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोपाच्या दिवशी नको ते बोललो, वेळेपेक्षा जास्त बोललो, त्याबद्दल सभेने मला क्षमा करावी. त्या ओळीची क्षमा मात्र मी सभेकडे मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची, ते दोघे, बाई आणि निशिमुता, समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांनी आज उत्तर द्यायलाच हवं असं नाही.