कोकिळामावशी त घरच्याच

...नाही, मले एक सांगा, परवाना काढायले मी काय दारूचं दुकान टाकलं होतं का? चार लेकरं सांभाळत होती घरी, आपल्या नांदुऱ्यात, स्टेशनाकडच्या गल्लीत. एक पाळणा, दोन गोधड्या अन् एक मी, कोकिळा. आता तो सुहासिनी मॅडमचा वकील कोर्टात उभा राह्यला, कोटाची घडी मोडली नाही त्याच्या, अन् म्हणतो कसा, "महोदय, वादी कोकिळाबाई या विनापरवाना, अनधिकृत पाळणाघर चालवीत होत्या, सबब फी मागण्याचा त्यांना हक्क पोचत नाही." अनधिकृत म्हणे. अवं बाई, तुमच्या पोरीची शी धुतली तवा कोणता अधिकार पाह्यला होता माझा?

तुम्हाले पहिल्यापासून सांगते, नाही त तुम्ही म्हणसान ही बाई भांडखोर हाय. भांडखोर मी हायच, पण ते नंतर झाली. मॅडम बँकेत, त्यांचे मिस्टर चंद्रशेखर सर मास्तर, सकाळच्या बसनं संग्रामपूरले जात. त्यांची पोरगी इरा, दातही नव्हते आले तवा आणली माझ्याकडे. मॅडम दारात उभ्या, डोळ्यात पाणी, "मावशी, हिला घरच्यासारखी सांभाळा हं. तुम्ही तर घरच्याच." झालं, मी पाघळली. आपलं असंच हाय पाहा, घरची म्हटलं का आपण काही लिहून घेत नाही, काही ठरवत नाही, वरून चहा टाकतो.

पहिले पहिले पैसे आले, खोटं कायले बोलू. मंग मॅडम म्हणे, "मावशी, फ्लॅटचा हप्ता सुरू झालाय, पुढच्या महिन्यात एकदम देते. तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही तर घरच्याच." पुढचा महिना आला, त्याच्या पुढचाही आला... आता मले सांगा, दूधवाल्याले कोणी म्हणते का तू घरचाच? फ्लॅटच्या हप्त्याले म्हणते का? सगळ्या दुनियेत घरची फक्त मीच! त्या फ्लॅटच्या वास्तुशांतीले बोलावलं ना मले, पहाटपासून इरेले कडेवर घेऊन फिरली, पाव्हण्याइच्या पायातून. मंग चहा आला. सगळ्याइले चिनीमातीच्या कपात, मले कागदाच्या. मी मनाले म्हटलं, कप कमी पडले असतीन. पडले असतीन ना हो?

अन् त्याच सालच्या दिवाळीत एक चूक झाली माझ्या हातून. आमच्या घरी भाऊबीज नसते, आमचा सण म्हणजे चौदा एप्रिल. पण मॅडम म्हणे, "सरांना बहीण नाही हो, मावशी, तुम्ही ओवाळा ना, घरच्याच तर आहात." आता लोकाच्या दिवाळीत तोंडावर नाही कसं म्हणायचं? ओवाळलं. सरांनं ताटात पाकीट टाकलं, साडी देल्ली, मॅडमनं मोबाईलवर फोटो काढला, "मावशी, हसा ना थोडं." मी हसली. काऊन नाही हसणार, पाकीट दिसत होतं ना ताटात! घरी येऊन उघडलं अन् आमच्या मालकाले, शेषरावले म्हटलं, चला, थकलेल्यातले थोडे त सुटले.

मंग इरा मोठी झाली, अन् मॅडमनं तिले एका मोठ्या डे-केअरमध्ये टाकली. तिथं लायसन हाय, एसी हाय, भिंतीवर अस्वलं काढेल हायेत. तिथं पैसे आधी भरा, मंग पोरगी आत. मी म्हटलं, मॅडम, माझं मागचं? त मॅडमचा चेहरा असा पडला का जसं काही मीच बुडवले. "मावशी, तुम्ही पैशाचं बोलता? तुम्ही?" तवा मी समता वकिलीणबाईकडे गेली, आमच्याच मोहल्ल्यातली पोरगी, अन् दावा टाकला. शेषराव म्हणे, "सोड ना वं, कायले कोर्टात जातं?" मले पैसे पायजेतच, घरावरचे पत्रे गळून राह्यले. पण त्याच्याहून मोठं एक हाय. जजसाहेबानं कागदावर लिहून द्यावं का हे काम होतं. माया होती का नव्हती ते माझं मी पाहून घेईन. पण दिवसभर लेकरू अंगावर घेऊन उभी राहणं, हे काम होतं. बस, एवढंच पायजे मले.

तर त्या वकिलानं कोर्टात काय काढलं असन? तोच फोटो. "महोदय, पाहा, वादी प्रतिवादींना ओवाळत आहेत. बहिणीने भावाकडून स्वखुशीने ओवाळणी घेतली. यात फी कुठे आली?" माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, वकीलसाहेब, एक काहीतरी ठरवा. मी अनधिकृत दुकान हाय का बहीण हाय? बहिणीले परवाना लागते का? मागचे लोकं हसले. समता मले कोपरानं ढोसून राह्यली, "मावशी, मध्ये बोलू नका."

परवान्याचंही पाह्यलं मी, तुम्हाले काय वाटलं? गेली एका हापिसात. तिथला माणूस म्हणे, "पाळणाघराचा अर्ज आमच्याकडे नाही, त्या टेबलवर पाहा." त्या टेबलवरचा म्हणे, "माझ्याकडे कुत्र्याचा हाय. लेकराइचा नाही." मले वाटलं भरूनच टाकावा, निदान शिक्का त भेटन.

आता मागच्या तारखेचं ऐका. मॅडमची साक्ष होती. मी बाहेर बाकड्यावर बसेल, ठरवूनच आली होती का तिच्याकडे पाहायचंच नाही. तर मॅडम जिन्यातून आल्या, संगं इरा. त्या लायसनवाल्याकडे सुट्टी होती म्हणे, अन् सर संग्रामपूरले. पोट्टीनं मले पाह्यलं अन् "कोकीमावशी" करत जी पळत आली, ते सरळ मांडीवर. तेवढ्यात शिपायानं मॅडमचं नाव पुकारलं. मॅडमनं इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं, अन् पाण्याची बाटली माझ्याच हातात देल्ली. "मावशी, जरा बघता का हिला? माझी साक्ष आहे."

साक्ष कोणाच्या विरोधात? माझ्याच!

बरं, मी घेतली. काऊन घेतली मले विचारू नका. दार उघडं होतं, आतून मॅडमचा आवाज येऊन राह्यला होता, "...नाही महोदय, त्यांच्याकडे मूल ठेवणं सुरक्षित नव्हतं, आमचा नाइलाज होता..." अन् बाहेर ते मूल माझ्या खांद्यावर मान टाकून घोरत होतं. खरं सांगते, तवा रडू आलं मले, पण रडलं का खांदा हालते. समता धावत आली, "मावशी, काय बसल्या, आत चला, तुमच्यावर काय काय बोलून राह्यल्या त्या." मी म्हटलं, हळू बोल माय, आत्ताच डोळा लागला तिचा.

मॅडम बाहेर आल्या, घाम पुसला, पोरगी उचलून घेतली. "थँक्यू मावशी. आत बोलले ते मनावर घेऊ नका हं, वकिलांनी सांगितलं म्हणून बोलावं लागतं. तुम्ही तर घरच्याच." अन् जिन्यातून वळून म्हणतात कशा, "पुढच्या तारखेलाही डे-केअरला सुट्टीच आहे हो."

सांगा आता, माझ्या जागी तुम्ही असते त काय म्हटलं असतं? चांगलं खडसावलं असतं ना? मीही खडसावणारच होती, तोंड उघडलं होतं. अन् त्या तोंडातून काय निघालं...

"खिचडी अजून पातळच खाते का हो ती?"