तिसरं पाणी

— नाही दादा, साबणाचं नाव घेऊ नका. बसा आधी. इस्त्रीजवळ नको, उकाड्यानं आणखी खाजेल, त्या स्टुलावर बसा. हातातला तो शर्ट दाखवा. कॉलर पांढरीशुभ्र आहे ना? मग? माझ्या लाँड्रीतला शर्ट घातला आणि मान खाजली, एवढ्यावरून लाँड्रीला दोष द्यायचा? माणसाला खाज किती कारणांनी सुटते, ठाऊक आहे तुम्हाला? नाही ना. मला आहे.

हसू नका. समोर तो त्वचेच्या डॉक्टरांचा दवाखाना दिसतोय? त्यांचे कोट माझ्याकडे येतात, दर सोमवारी सहा. धुण्याआधी खिसे रिकामे करायचे, हा आमच्याकडचा नियम — सासूबाईंनी घालून दिलेला. आणि डॉक्टर खिशात काय काय विसरतात — टिपणं, चघळलेल्या पेन्सिली. मी सगळं परत करते. पण परत करण्याआधी कागदाची घडी नीट करावी लागते, आणि घडी करताना काय डोळे मिटून घेऊ? अशी शिकले मी.

तर सांगा, कढत पाण्यानं अंघोळ करता? करता, दिसतंच आहे. त्यानं कातडी कोरडी पडते, निम्म्या लोकांची खाज तिथेच असते. घरात आणखी कुणी खाजवतं — बोटांच्या बेचक्यांत, रात्री जास्त? नाही? बरं झालं, खरूज असती तर स्टुलावरून उठवलं असतं. नवीन गोळ्या? त्याही नाहीत. मग अंगावर काही दिसत नाही आणि खाज मात्र महिनोन्‌महिने जात नाही, तर आत बघायचं — यकृत, मूत्रपिंड, साखर, थायरॉइड, रक्तातलं लोह. डोळे दाखवा. पिवळे नाहीत. तरी रक्त तपासून घ्या.

पोस्टातल्या काकांना मीच पाठवलं होतं. थायरॉइड निघालं. अजून येता-जाता हात जोडतात. तेव्हापासून मी कुणाला सोडत नाही — या महिन्यात नऊ जण रक्त तपासून आले. शाळेतल्या बाई, बेकरीवाला, त्याची सून... रिपोर्ट? सगळ्यांचे चांगले. तेच तर कळत नाही — म्हणजे, चांगलंच आहे म्हणा.

नववा कोण ते विचारू नका. बरं, सांगते, पण तुमच्या-माझ्यात. डॉक्टर स्वतः. त्यांना मी पाठवलं नाही, ते आपले आपणच गेले. परवा कोटात त्यांचाच रिपोर्ट सापडला — यकृत ठीक, मूत्रपिंड ठीक, सगळं ठीक — आणि खाली पेन्सिलीनं लिहिलंय, ‘फक्त मान आणि मनगटं. का?’ एवढा शिकलेला माणूस, आणि मला विचारतो.

महिन्याभरात काय बदललं म्हणता? काही नाही. पावडर तीच, टब तेच. सासूबाई तेवढ्या धाकट्या दिरांकडे राहायला गेल्या. त्या होत्या तेव्हा प्रत्येक कपड्याला तीन पाणी. तिसऱ्या पाण्याला बोट बुडवून जिभेवर लावायच्या — साबणाची चव लागली की चौथं. मी म्हटलं, आई, कपडे आहेत, चहा नाही. झालं, रुसल्या. ‘कर तुझ्या एका पाण्यात’ म्हणाल्या आणि पिशवी भरली. आता त्या गेल्या आणि मी तीन पाणी काढत बसले, तर माझा काय मान राहिला? कळलं त्यांना तर महिनाभर हसतील. म्हणून एक. एक पुरतं. कपडा पांढरा दिसतो की नाही? —

असं काय बघताय? मी कुठे खाजवतेय? हा... हा ब्लाऊज जरा घट्ट आहे मानेशी. हो, धुतलेला इथलाच. कुठे धुणार दुसरीकडे?

थांबा. ते बघा, डॉक्टर. रस्ता ओलांडताहेत. हातात कोट आहे — आणि चालता चालता कॉलर नाकाशी नेताहेत.

दादा, शर्ट ठेवा इथे आणि मागच्या दारानं निघा, आत्ताच्या आत्ता. वाटेत कुणी काही विचारलंच तर सांगा, सासूबाई आत आहेत, तिसरं पाणी काढताहेत. उद्यापर्यंत खरंच असतील. मी आणायला जातेय. निघा.