सरकत्या भिंतींची शाळा

तर मंडळी, सांगा मला — दान दिलं आणि त्यालाच कुलूप घातलं, तर ते दान राहतं का? विचार करा. घाई नाही, प्रसादाला वेळ आहे.

यंत्रमागाचं एक शहर. नाव सांगत नाही, तुमच्यातली निम्मी मंडळी तिथलीच निघतील. त्या गावात मगदूम गुरुजी मुख्याध्यापक. माणूस सज्जन, शिस्तीचा. जुनी शाळा पाडली, गावानं दिलेल्या देणग्यांतून नवी बांधायची ठरली. नकाशे काढायला आल्या वैजयंती हुपरे. बाईंनी पहिलाच प्रश्न केला,

"गुरुजी, शाळा सुटल्यावर इमारत काय करते?"

"विश्रांती घेते."

"एवढी दमते?"

मग बाईंनी शाळेभोवतीच्या पेठेत हिंडून घराघरांत काय हवं ते विचारलं आणि शाळा बांधली. उंच छत, आरपार वारा, वर्गांमध्ये सरकत्या लाकडी भिंती. भिंती बाजूला सरकवल्या की चार वर्गांचा एक दिवाणखाना! गल्लीकडून वेगळं दार, दाराशीच पाण्याचे नळ. म्हणजे शाळेला धक्का न लावता पेठेलाही बसता-उठता यावं.

गुरुजींनी काय केलं? गल्लीच्या दाराला कुलूप घातलं. भिंतींना स्क्रू मारले. वर महाराष्ट्राचा नकाशा टांगला. म्हणाले, "भिंत हलली की शिस्त हलते." नकाशा मोठा होता हो, स्क्रू दिसत नव्हते.

मग आला मे महिना. शाळेला सुट्टी. पेठेतली घरं पत्र्याची, आत माग चालू. माणसं भाकरीसारखी भाजत होती. अख्ख्या पेठेत गार जागा एकच, आणि ती कुलपात! आत गुरुजी एकटे, बाकांना नंबर घालत बसलेले.

भर दुपारी गल्लीच्या दारावर थाप पडली. बाहेर मागावर काम करणारी मालन लाटकर. सासूला पाठीवर घेऊन आलेली.

"गुरुजी, म्हातारीला चक्कर आलीया. आत घ्या."

गुरुजी आतूनच म्हणाले, "शाळेला सुट्टी आहे."

"उन्हाला न्हाई."

आपण काय बोललो, ते गुरुजींना स्वतःलाच ऐकू आलं. असं क्वचित होतं मंडळी, आपण सहसा दुसऱ्यांचंच ऐकतो. त्यांनी कुलूप काढलं. म्हातारीला फरशीवर निजवलं, पाणी पाजलं. घोटभर पिऊन तिनं डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि म्हणाली, "देऊळ हाय का?"

"शाळा आहे," गुरुजी म्हणाले.

"बरं हाय," म्हातारी म्हणाली आणि झोपली.

दार उघडं दिसल्यावर शेजारची म्हातारी आली. मग एक बाळंतीण. मग आणखी दोघी. वर्ग भरला. गुरुजींनी नकाशा उतरवला, स्वतःच्या हातानं स्क्रू काढले आणि भिंत ढकलली. सरकली. त्यांनी हुपरेबाईंना फोन लावला.

"भिंत सरकली."

"आवाज करते?"

"नाही."

"मग फोन का केलात?"

गुरुजींनी पुढच्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाले, "दुसरीही सरकवू का?"

जून उजाडला. शाळा भरली. म्हाताऱ्या काही उठल्या नाहीत. गुरुजींनीही उठवलं नाही, मध्ये फक्त भिंत ओढून घेतली आणि शिस्त कधी हलते, याची वाट बघत राहिले.

हललं दुसरंच. मालनची रूपाली चौथीनंतर शाळेत फिरकली नव्हती. आई मागावर, धाकटा भाऊ रांगता, त्याला सांभाळणार कोण? आता ती त्याला कडेवर घेऊन आली, भिंतीपलीकडे आजीच्या मांडीत ठेवला आणि अलीकडे येऊन बाकावर बसली. तिच्यामागनं तशाच आणखी मुली आल्या. गुरुजींनी हजेरी घेतली.

"रूपाली लाटकर."

"हजर."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

संपलं आख्यान. आता आपलं बघू. आपण बसलोय तो हा सभामंडप. संगमरवरी फरशी, वर पंखे. दुपारभर बंद असतो. आणि त्याच दुपारी बाहेर पायरीवर फुलवाल्या आजी डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसतात. माझ्या गळ्यातला हार त्यांच्याकडचाच. विश्वस्त मंडळी पहिल्या रांगेत आहेत, म्हणून नाव कुणाचं घेत नाही.

देवाचं घेऊ. म्हणा — विठ्ठल, विठ्ठल... पहिल्या रांगेतून आवाज येत नाही.