नऊ नंबरचा रकाना

हा रकाना ज्याने कुणी पहिल्यांदा छापला ना, त्याने स्वतः आयुष्यात एकही फॉर्म भरलेला नव्हता, हे मी तुम्हाला लिहून देते. नाहीतर माणूस असं करेल का? बघा ना, तुमच्या सगळ्यांच्या हातात आहे तो. कॉलेज सोडताना भरायचा फॉर्म. एक नंबरला नाव, दोनला पत्ता, तीनला ग्रंथालयाची सही, चारला प्रयोगशाळेची, पाचला खेळाच्या सरांची, ज्यांना तीन वर्षांत आपण एकदाही तोंड दाखवलेलं नसतं आणि तरी ते मान वर न करता सही ठोकतात... असं करत करत तुम्ही मजेत आठपर्यंत येता आणि नऊला काय, तर 'पुढे काय?' बस्स. एवढंच. आणि रकाना केवढा, तर दोन बोटांचा. अहो, रक्तगटाला याहून जास्त जागा सोडली आहे.

तुम्हाला सांगते, मी काही घाबरट मुलगी नव्हते. ग्रंथालय रविवारी उघडं राहावं म्हणून पायऱ्यांवर ठाण मांडून बसणारी मी. वसतिगृहाचं फाटक साडेसातला बंद व्हायचं ते नऊला व्हावं म्हणून प्राचार्यांच्या टेबलावर तीनशे सह्या आपटणारी मी. जग कसं असावं, यावर मला झोपेतून उठवून विचारलंत तरी चाळीस मिनिटं मुद्देसूद बोलले असते. तर अशी मी, सोमवारी सकाळी फॉर्म घेऊन खोलीत बसले, एक ते आठ भराभर उरकले, नऊवर पेन टेकवलं आणि हात थांबला. नुसता थांबला नाही, मनगटापासून गार पडला. म्हटलं, चहा पिऊन लिहू. चहा झाला. म्हटलं, नखं कापून लिहू. दहाच्या दहा कापून झाली, पायाचीही झाली, मग काय शेजारणीची कापू? मुदत शुक्रवारची, संध्याकाळी पाचची. पाचला कार्यालयाची खिडकी बंद, आणि खिडकी बंद म्हणजे प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणजे तीन वर्षं पाण्यात. आणि हे सगळं कशासाठी? दोन बोटांसाठी.

माझ्या खोलीत जी मुलगी होती तिला आम्ही बदक म्हणायचो, कारण ती पाण्याबाहेर फार वेळ टिकायची नाही. सकाळी पोहणं, संध्याकाळी पोहणं, केस कायम ओले, खोलीला कायम तलावाच्या औषधाचा वास. लहान मुलांना पोहायला शिकवणार, हे तिचं शाळेत असल्यापासून ठरलेलं. ती मला म्हणाली, "अगं, कोण वाचतंय? खरड काहीतरी." आणि माझ्या डोळ्यांदेखत, जांभई देत देत, नऊ नंबरला लिहिलं 'ऑफिस'. कसलं, कुणाचं, काही नाही. ऑफिस. खिडकीवर देऊन आली, सही, शिक्का, मोकळी. मला म्हणाली, "बघ, मेले का मी?"

नाही मेली. मंगळवारी मी डोळे उघडले तर ही आरशासमोर उभी, आणि केस कोरडे. तुम्हाला सांगते, तीन वर्षांत मी तिचे केस कोरडे पाहिले नव्हते, मला आधी वाटलं, खोलीत दुसरंच कुणी शिरलंय. चापूनचोपून भांग, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. म्हटलं, "बदके, कुठे निघालीस?" तर म्हणाली, "ऑफिसला." कुठल्या ऑफिसला? "ऑफिसला." अगं पण तिथे काम काय? "असतं." आणि गेली. सव्वासहाला परत आली, दमलेली, खरीखुरी दमलेली, खांदे असे पडलेले. पलंगावर टेकली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "आज फार होतं." काय फार होतं? तर, "तेच गं, रोजचं." रोजचं? बाई, पहिला दिवस तुझा! मग तिची नजर खिळ्याकडे गेली. खिळ्याला तिचा पोहण्याचा चष्मा लटकत होता, निळा, पट्टी कुरतडलेली, कारण विचार करताना ती पट्टी चावत बसायची. तो तिने चिमटीत धरून उतरवला, उलटा केला, सुलटा केला, आणि मला अगदी सभ्यपणे विचारलं, "हा तुमचा का?"

तुमचा. मला. जिने हिच्या उवा काढल्या तिला.

आता तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही म्हटलं, योगायोग. ऊन लागलं असेल. मंगळवारी मी कूस बदलत पडले आणि बुधवारी कँटीनमध्ये आमच्या वर्गातला लांबडा भेटला. उंची सहा फूट, स्वभाव अर्धा फूट. याने फॉर्मवर लिहिलं होतं 'बाबा म्हणतील ते'. आम्ही हसलो होतो त्याला, सगळा वर्ग हसला होता. आता हा कँटीनच्या काउंटरशी हात पाठीमागे बांधून उभा, पोट पुढे, जे पोट त्याला मुळात नव्हतंच. म्हटलं, "चहा घेणार का रे?" तर खिशातून फोन काढून घरी लावला. पलीकडे वडील. "बाबा, चहा घेऊ का?" आणि तुम्हाला सांगते, उत्तर फोनमधूनही आलं आणि याच्या तोंडातूनही आलं. एकदम. एकाच सुरात. "चहाने पित्त होतं." मागोमाग खोकला, तोही दोन्हीकडून, एकाच ठेक्यात. मग फोन ठेवून त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मायेने म्हणाला, "काय करतात गं बाळ, वडील तुझे?"

मी चहा तसाच टाकून पळाले.

गुरुवारी घरी फोन लावला. आईने उचलला. आई म्हणजे आमची, तिला तुम्ही सांगा की घराला आग लागली आहे, ती विचारणार जेवलीस का. तिला सगळं सांगितलं, बदक सांगितलं, लांबडा सांगितला. ती म्हणाली, "अगं, जगरहाटी आहे ती. लिहायचं काहीतरी आणि मोकळं व्हायचं. तुझ्या मावसबहिणीने नाही लिहिलं? बघ किती छान चाललंय तिचं." छान म्हणजे काय चाललंय? "म्हणजे... चाललंय." म्हटलं, बाबांना दे. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तीस वर्षं, एकाच खुर्चीत. म्हटलं, "बाबा, तुमच्या फॉर्मवर नऊ नंबर होता?" म्हणाले, "असणारच. सगळ्यांच्या असतो." काय लिहिलंत तुम्ही? म्हणाले, "आठवत नाही." मग म्हटलं, तुम्हाला त्याआधी काय करायचं होतं, ते सांगा. "त्याआधी?" असं म्हणाले, जणू मी एखाद्या गावाचं नाव घेतलंय आणि ते गाव त्यांनी कधी ऐकलेलंच नाही. "त्याआधीचं मला काही आठवत नाही, बाळा." इतकं शांतपणे, की घरात साखर संपली हे माणूस याहून दुःखाने सांगतो.

आमच्या माळ्यावर एक दुर्बीण आहे. अर्धी. पुठ्ठ्याची जाड नळी आणि फडक्यात गुंडाळलेली, हाताने घासघासून केलेली एक काच. लहानपणी मी विचारलं की बाबा म्हणायचे, आधीच्या भाडेकरूंची राहिली असेल. तर बाबांच्या हातून फोन आईने घेतला, ती आतल्या खोलीत गेली, दार लावल्याचा आवाज आला, आणि ती अगदी हळू म्हणाली, "आपल्या आधी या घरात कुणी राहतच नव्हतं गं. कोरं होतं हे घर." आणि लगेच मोठ्याने, "बरं, जेवलीस का?"

मी ठरवलं, लिहायचंच नाही. कोरा ठेवायचा. पाहू कोण काय करतं. शुक्रवारी दुपारी ताठ मानेने कॉलेजच्या कार्यालयाकडे गेले, तर खिडकीबाहेरच्या बोळात एक बाक. तुम्ही पाहिलाय तो, जाता-येता पाहिलाय, पण त्यावर कोण बसतं हे तुम्ही पाहिलेलं नाही, मीही पाहिलं नव्हतं. पाच-सहा जण होते. प्रत्येकाच्या मांडीवर फॉर्म. कडेला एक गृहस्थ, केस पांढरे, सदरा इस्त्रीचा, कॉलर पार जुन्या पद्धतीची. आमचे फॉर्म पांढरे, यांचा पिवळा पडलेला. म्हटलं, "काका, मुलीचा फॉर्म घेऊन आलात का?" ते म्हणाले, "माझाच आहे. मला जरा सगळ्या बाजूंनी विचार करायचा होता." मी म्हटलं, "झाला का?" तर हसले, फार गोड हसले, आणि म्हणाले, "शुक्रवारपर्यंत सुचेल." अहो काका, आज शुक्रवारच आहे. "हो का?" म्हणाले. "आजही?" आणि सरकून त्यांनी मला जागा करून दिली. मी हात टेकवला. जागा उबदार होती, तुम्हाला सांगते, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. तिथे कुणीही बसलेलं नव्हतं.

मी तिथून जी उठले ती थेट खिडकीवर. पाचाला दहा कमी. आत बाई बसलेल्या, शिक्का आणि पट्टी समोर, आणि त्यांच्या मागे शिपाईमामा, खिडकीचा पत्रा ओढायला हात वर करून तयार. मी म्हटलं, "बाई, मला हा रकानाच मान्य नाही." बाई म्हणाल्या, "मग तसा अर्ज द्या," आणि एक कागद सरकवला. कागदाच्या खाली नऊ नंबर: 'पुढे काय?' मी म्हटलं, "अहो, पण अख्खा माणूस दोन बोटांत मावतो का?" तर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. म्हणाल्या, "मावतो. बावीस वर्षं बघते आहे मी. आधी सगळे असंच म्हणतात, आणि मग मावतात."

पाचाला चार कमी. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, खोटं लिहायचं नाही, कोरंही ठेवायचं नाही, खरं आहे ते लिहायचं, सगळंच्या सगळं. आणि माझी सवय अशी, वादविवाद स्पर्धांतली, की कुठलाही मुद्दा मांडायचा तर आधी श्वास घ्यायचा आणि सुरुवात करायची, 'मला असं वाटतं की'. तेवढं लिहिलं आणि रकाना संपला. मी थांबले का? छे. समासात गेले, सह्यांच्या मधून वाट काढली, खेळाच्या सरांच्या सहीला वळसा घातला, कागद उलटला, मागची बाजू भरली, बारीक, मुंगीएवढ्या अक्षरात, हात भट्टीसारखा गरम, डोळ्यांत पाणी, आणि इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता, कारण मला काय करायचंय ते मला लिहिता लिहिता पहिल्यांदा स्वच्छ दिसत होतं. एक मिनिट राहिलं आणि मी फॉर्म आत सरकवला.

बाईंनी पट्टी घेतली. रकान्याच्या कडेला अगदी बरोब्बर लावली. म्हणाल्या, "चौकटीबाहेरचं धरत नाहीत." आणि बाकीच्यावर शांतपणे रेघा मारल्या, एकेक ओळ, मागची बाजूसुद्धा सोडली नाही. मग चौकटीतलं मोठ्याने वाचलं, "मला असं वाटतं की." शिक्का मारला. मी म्हटलं, "बाई, आणि पुढचं?" त्या म्हणाल्या, "पुढचं नाही." आणि मामांनी पत्रा ओढला.

मला वाटलं, चला, सुटले. बाहेर लख्ख ऊन होतं, मला काहीही झालेलं नव्हतं. सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, "तुम्ही बोलता छान. शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुढच्या वाटेबद्दल मार्गदर्शन करायला आम्हाला कुणीतरी हवंच होतं." तर ही मी अशी तुमच्यासमोर उभी. आणि बोलते मी छानच, नाही का? सगळं आठवतं मला, वारासकट. फक्त ते मागच्या बाजूचं... त्यात मुलं होती, एवढं नक्की. आणि खिडक्या, खूप मोठ्या खिडक्या. फॉर्म आहे अजून माझ्या कपाटात, रेघांखालची अक्षरं उजेडात धरली की लागतातही. हस्ताक्षर ओळखीचं वाटतं. कुणीतरी फार मन लावून लिहिलेलं आहे.

असो. माझं सोडा. तुमच्याकडे अजून चार दिवस आहेत. बदकासारखं खरडू नका, लांबड्यासारखं दुसऱ्यावर टाकू नका, आणि त्या बाकावर तर चुकूनही टेकू नका. कान देऊन ऐका, कारण त्या दोन बोटांत नेमकं काय लिहायचं हे सांगण्यासाठीच मला इथे उभं केलंय आणि ते मी आता तुम्हाला सांगणार आहे. तर मुलांनो, मला असं वाटतं की...

मला असं वाटतं की...

आणि दारात उभे राहून शिपाईमामा पहिल्या रांगेला हळूच काय सांगताहेत ते मला ऐकू येत नाही, असं त्यांना वाटतं: "चला पोरांनो, उठा आता. बाई दरवर्षी इथेच थांबतात."