तोकेलाऊची पाळी

मेसईदहून दोह्याला निघालेल्या बसमध्ये पूर्णिमाला मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तसा तिने मोबाइल पर्समध्ये टाकला.

"काकू, माझ्या प्रोजेक्टमधल्या तोकेलाऊ बेटांना राजधानीच नाहीये."

"मग कारभार कुठून चालतो, गार्गी?"

"बेटं तीन. दर वर्षी एकेका बेटाचा पुढारी प्रमुख होतो आणि कारभार तिकडे जातो."

"अगं, म्हणजे आपल्या गणपतीसारखंच! यंदा आमच्याकडे नाशिकला, पुढच्या वर्षी पुण्याला."

"पण भाऊ तर तीन आहेत ना? बाबांची पाळी कधी?"

"तुम्ही पडलात लांब, बाळा."

"तोकेलाऊला विमानतळसुद्धा नाहीये. बोटीने दिवसाहून जास्त लागतो. तरी कोणाची पाळी चुकत नाही."

काकूंनी गार्गीकडे वळून विचारलं,

"काय गं, तुमच्या दोह्यातल्या अझीझिया भागात मोदकाची पिठी मिळते का?"

"मिळते की!" पूर्णिमाच मागे वळून म्हणाली.