नस वाचवली हो!

नाही, नस वाचवली हे चांगलंच झालं हो, पण नस वाचवली, नस वाचवली हे माणसानं किती वेळा ऐकून घ्यायचं? तुम्हाला सांगतो, माझ्या जठरात गाठ निघाली, जठराचा वरचा भाग कापून काढला, मी शुद्धीवर येतोय, तोंडाला कोरड, नाकात नळी, आणि आमचे सर्जन उशाशी उभे... लॉटरी लागल्यासारखे हसत! "अभिनंदन! नस वाचवली!" अहो, कुठली नस? तर म्हणे मेंदूकडून पोटाकडे येते ती, भुकेचे निरोप तिच्यावरून जातात. म्हटलं, वा! मग भूक कधी लागेल? तर चष्मा पुसत म्हणतात, "त्याचं असं आहे... भुकेचा हार्मोन मुख्यतः ज्या भागात तयार होतो ना, तोच भाग काढलाय आपण." म्हणजे बघा, पोस्टमन वाचवला आणि पत्र लिहिणाराच काढून टाकला! पण नस वाचवली हं!

आता भूकच नाही म्हटल्यावर मी जेवतो घड्याळाकडे बघून. घड्याळाला चव काय कळते हो? वजन उतरायला लागलं. पण मी पडलो शिंपी! पँट सैल झाली की हात शिवशिवतात. दुकानातच बसून कंबर आत घेतली, पुन्हा सैल, पुन्हा घेतली... बायको कौतुकानं म्हणायची, "कशी अंगाबरोबर बसलीय! वजन टिकलंय हो तुमचं!" मी आपला शर्ट खाली ओढून घ्यायचो. शेवटी तपासणीला काट्यावर उभं केलं आणि बिंग फुटलं. मागचे दोन्ही खिसे सरकत सरकत एकमेकांना चिकटले होते, ते तिला तेव्हा दिसले. सर्जन म्हणाले, "वजन थोडं उतरतंच, पण नस..." ही कडाडली, "ती नस ठेवा तुमच्यापाशी!"

घरी येऊन रडली. हो, रडली. म्हणाली, "इतकी वर्षं दारातूनच 'भूक लागली!' ओरडत यायचात, बूटसुद्धा काढायचा नाहीत, मी चिडायचे. आता घर कसं सुनं वाटतं." फार वाईट वाटलं हो मला. पण भूक काय शिवून आणता येते?

दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडलो, "भूक लागली गं!" साफ खोटं! पण ती अशी धावली... ताट वाढलं, मी बसलो, चार घासांत पोट म्हणालं, पुरे! हा निरोप मात्र ताबडतोब पोचला, नस वाचवलीय ना! पण ती समोर बसलेली, म्हणून पाचवा घास घेतला. तिला कळत नाही का? सगळं कळतं. तरी मी रोज ओरडतो, ती रोज "आले, आले, घर डोक्यावर घेऊ नका" म्हणते, आणि त्या पाचव्या घासावर काटा जरासा वर सरकलाय.

परवा दुकानात गर्दी, दमून आलो, ओरडायचं राहून गेलं. ही हातातलं काम टाकून बाहेर आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणते कशी, "अहो, आज भूक का नाही लागली? पोट बिघडलं का तुमचं?"