फोरमन काही आऊट होईना

...नाही, पण मी काय म्हणतो, माणसाने जिंकायचं म्हणजे तरी किती जिंकायचं? त्याला काही धरबंध? सत्तावन्न वर्षांचा माणूस, पोट पुढे, गुडघे वाजतात, तीन महिन्यांपूर्वी छाती उघडून शिवून आणलेली, आणि हा माणूस रोज संध्याकाळी खाली उतरून आठ-दहा वर्षांच्या पोरांत खेळतो, आणि तुम्हाला सांगतो, अकरा दिवस, लागोपाठ अकरा दिवस, फोरमन काही आऊट होईना.

हे आमचे फोरमन. आमचे म्हणजे पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसचे. तीन पंप, आठ माणसं आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर हे एक. मी त्यांचा असिस्टंट, गेली अठरा वर्षं. राहायलाही एकाच इमारतीत, ते पहिल्या मजल्यावर, मी बरोबर त्यांच्या खाली, म्हणजे दिवसभर कानाशी त्यांचा आवाज आणि संध्याकाळी डोक्यावर त्यांची खुर्ची. पण कान काय होता माणसाचा! चहा पिता पिता सांगायचे, 'अरे, दोन नंबरचं बेअरिंग रडायला लागलंय, बघ जरा.' आम्ही पंपाला कान चिकटवला तरी आम्हाला काही ऐकू येत नसे, उघडून बघावं तर बेअरिंग खरंच गेलेलं. एकदा तर सुट्टीच्या दिवशी घरी दाढी करताना नुसत्या नळाच्या धारेवरून ओळखलं होतं की तिकडे एक नंबर गळतोय. खोटं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. जाऊन बघितलं, घोट्याएवढं पाणी.

तर एक दिवस पंपांच्या मधे उभे असताना थबकले, मान तिरकी केली आणि म्हणाले, 'अरे, कुठला तरी पंप चुकतोय.' मी तिन्ही बघून आलो, तिन्ही झकास. परत येतो तर हे जमिनीवर. चुकत होता तो त्यांचा स्वतःचाच.

नऊ दिवस हॉस्पिटल. मग घर. मग डॉक्टरांची चिठ्ठी... हलकं काम, थोडं चालणं, दगदग नाही, वाद नाही, चिडू द्यायचं नाही. चार्ज तात्पुरता माझ्याकडे. तीन महिन्यांनी कामावर आले, तेही खिडकीजवळच्या टेबलावर बसायचं आणि चार वाजता घरी जायचं, एवढ्यावर. आता ज्या माणसाने तीस वर्षं पंपांना ओरडून सांगितलं त्याने चारनंतर घरात बसून कुणाला सांगायचं? बायकोला? वहिनींनी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, 'अहो, कुकरचा आवाज मला कळतो. तुम्ही खाली जा पाहू.'

खाली म्हणजे चार इमारतींच्या मधलं आवार. एक पाण्याची टाकी, स्कूटरची रांग, एक रंग उडालेली भिंत आणि पोरांची टोळी. टोळीची कॅप्टन आमची थोरली, वय अकरा, दातांना तार, जिभेला नाही. फोरमननी तिला विचारलं, 'मला घेता का?' तिने यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, 'विचारून सांगते.' कुणाला विचारणार होती हे यांनी विचारलं नाही. तिथेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी घेतलं. विषामृत. ज्याच्यावर राज्य तो पळतोय, शिवून एकेकाला पुतळा करतोय, आणि फोरमन आपले दोन पावलं टाकतात, थांबतात, श्वास घेतात... राज्यवाला त्यांच्या अंगावरून वाऱ्यासारखा पुढे. सगळे पुतळे झाले, फोरमन एकटे हलते. लगोरीत तर कमाल. बॉल यांच्या पाठीत असा बसला की आवाज माझ्या स्वयंपाकघरात आला, माझ्या हातातला कप हलला, आणि पोरं काय म्हणतात? 'नाही लागला, नाही लागला. काका, पळा.' फोरमन पाठ चोळत पळाले. डबा ऐसपैसला स्कूटरमागे लपले, पोट एकीकडून बाहेर, चपला दुसरीकडून, राज्यवाली पोरगी पुढून गेली, मागून गेली, स्कूटरवर हात टेकून उभी राहिली, आणि दिसले नाहीत तिला. फोरमन काही आऊट होईना.

दुसऱ्या दिवशी कामावर हेच. 'अरे, चपळाई अंगातच असावी लागते. लहानपणी मला कुणी शिवलेलं नाही.' आम्ही आठही जण, 'हो साहेब.' मग पाचव्या दिवशी, 'डॉक्टरांना म्हटलं, या वयात पाच दिवस नाबाद आहे. ते म्हणाले, छान, छान.' आम्ही, 'छान, साहेब.' आणि अकराव्या दिवशी, तुम्हाला सांगतो, खिशातून कागद काढला. छातीवरच्या खिशात, त्या शिवणीच्या बरोबर वर. अर्ज. मी आता पूर्ण बरा आहे, माझा चार्ज मला परत मिळावा. 'सोमवारी मोठ्या साहेबांकडे देतो. तुला वाईट नाही ना वाटणार?' मी म्हटलं, 'छे, साहेब.' आता मला वाईट वाटणार होतं ते वेगळ्याच गोष्टीचं, ते कसं सांगू? एकशे दहा पायऱ्या उतरून खालच्या व्हॉल्व्हपर्यंत जायचं असतं, दिवसातून तीनदा. आणि वर चढून यायचं असतं.

त्या दिवशी संध्याकाळी चिमटीने घोटाळा केला. चिमटी म्हणजे समोरच्या शिंप्याची धाकटी, साडेचार वर्षांची, रागावली की चिमटा काढते म्हणून चिमटी. ती आऊट होऊन पायरीवर येऊन बसली, गुडघा खरचटलेला. शेजारी फोरमन, श्वास घ्यायला टेकलेले. माझी खिडकी त्या पायरीवरच उघडते, त्यामुळे ऐकायचं नव्हतं तरी ऐकलं.

फोरमन म्हणाले, 'आऊट झालीस म्हणून रडायचं नाही हं.'

'मी कुठे रडतेय? मी आऊट झाले.' एवढ्या तोऱ्यात, जणू नोकरी लागली.

'मग हसतेस कशाला?'

'आधी मला कुणी आऊटच करायचं नाही. आता करतात. आता तुम्ही आहात ना.'

'मी काय आहे?'

'लिंबूटिंबू,' चिमटी म्हणाली. 'एका वेळी एकच असतो.'

झालं. आता लिंबूटिंबू म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, आपण सगळेच कधी ना कधी होतो. खेळात आहे, पण खेळात नाही. पळायचं, ओरडायचं, लपायचं, सगळं करायचं, फक्त मोजायचं नाही. शिवलं तरी शिवलं नाही, दिसला तरी दिसला नाही. रडू नये म्हणून ठेवलेलं पोर.

फोरमननी गुडघ्यांवर हात टेकले. उठले. नवा डाव सुरू झाला होता, राज्य आमच्या थोरलीवर. हे सरळ आवाराच्या मधोमध जाऊन उभे राहिले, डब्यापासून चार हातांवर, हात बाजूला सोडून. थोरलीचे आकडे संपले, ती वळली, नजरेला नजर भिडली. पोरीचा चेहरा, तुम्हाला सांगतो, पडला. दोन क्षण उभी राहिली... आणि मग दिव्याच्या खांबाला वळसा घालावा तसा यांना वळसा घालून टाकीमागे शोधायला गेली. फोरमन काही आऊट होईना.

घरी गेल्यावर काय झालं ते वहिनींनी नंतर आमच्या हिला सांगितलं. यांनी विचारलं, 'पोरांना तू सांगितलंस?'

'हो, मी सांगितलं. शपथ घातली प्रत्येकाला.'

'अगं, पण मी आऊट झालो असतो तर काय बिघडलं असतं? खेळ आहे तो.'

वहिनी भाजी चिरत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, 'एकदा होऊन आलात ना? नऊ दिवस त्या बाकावर मी बसले होते. तिथे कुणाला लिंबूटिंबू ठेवत नाहीत.'

ते जेवून झोपले.

पण डोकं शांत बसेल तर ते फोरमन कसले? दुसऱ्या दिवशी शनिवार. टेबलावर बसले होते, कागद खिशात. मी प्रेशर बघत होतो, पाठमोरा. आणि हे नेहमीच्या आवाजात म्हणाले, 'अरे, चार नंबर बंद कर.'

मी म्हटलं, 'केला साहेब.'

...तुमच्या लक्षात आलं ना? मघाशी मी काय सांगितलं, किती पंप? तीन. पहिल्यापासून तीन. पण मी तरी काय करू, ते कामावर आल्यापासून हेच ठरलं होतं, मीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की ते काही म्हणोत, हो म्हणायचं, केलं म्हणायचं, आणि आपल्याला करायचं ते करायचं. जिभेला वळण पडलं होतं. कान ऐकेपर्यंत जीभ बोलून मोकळी.

'किती वाजता केलास?'

'आत्ताच, साहेब.'

'आवाज नाही आला.'

'हळूच केला, साहेब.'

त्यानंतर जी शांतता पडली ना, तिच्यात माझ्या डोक्यात आकडा वाजला. वळलो. फोरमन माझ्याकडे बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत होते, थोरली वळसा घालून गेली तेव्हा बघत होते तसे. म्हणाले, 'बरं केलंस.' आणि चार वाजायच्या आधीच उठून गेले.

त्या संध्याकाळी खाली आले ते सरळ कॅप्टनसमोर. 'राज्य माझ्यावर.'

थोरली म्हणाली, 'काका, नको ना.'

'राज्य माझ्यावर म्हटलं ना? आणि खरं लपायचं. स्कूटरच्या बाहेर पाय ठेवून नाही.'

तिने वर बघितलं. वरच्या कठड्याशी वहिनी उभ्या. सगळी पोरं वर बघतायत, फोरमन तेवढे बघत नाहीत, ते आधीच भिंतीकडे तोंड करून उभे. वहिनी बराच वेळ तशाच राहिल्या. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

एक ते शंभर. मी खिडकीत. एक जण टाकीमागे सापडला, फोरमन डब्यापाशी आले, नाव घेतलं, डबा वाजवला. दुसरा जिन्याखाली. तेवढ्यात वरून कुणीतरी हसलं. गच्ची. फोरमननी मान तिरकी केली, तीच ती, बेअरिंग ऐकताना करायचे तशी, आणि जिना चढायला लागले. तीन मजले.

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात पुष्कळ शांतता ऐकली, वीज गेल्यावर तिन्ही पंप एकदम बंद पडतात तीही ऐकली, पण अशी नाही. पहिला मजला, पावलं ऐकू येतायत. दुसरा, येतायत. मग नाही. मी स्कूटरची किल्ली हातात घेतली. हॉस्पिटलचा रस्ता मनात मोजला, सिग्नल किती, वळणं किती. वर दार उघडल्याचा आवाज आला... म्हणजे वहिनी कुठेच गेल्या नव्हत्या, दाराला लागून आतच उभ्या होत्या. मी चप्पल घातली.

आणि पावलं परत सुरू झाली. खाली येणारी. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. फोरमन बाहेर आले ते कठड्याला धरून, चेहरा पन्नासदा धुतलेल्या कापडासारखा, एक हात खिशावर. गच्चीपर्यंत पोचलेच नव्हते. शेवटच्या पायरीवर बसले. डबा समोर, हात लांब केला असता तर लागला असता.

स्कूटरमागून चिमटी निघाली. तिला रान मोकळं होतं, पण ती आधी यांच्यापाशी आली, वाकून तोंडाकडे बघितलं.

'काका, टाइमप्लीज म्हणा ना.'

यांनी मान हलवली. नाही.

'बघा हं,' चिमटी म्हणाली. आणि दोन पावलं मागे जाऊन तिने सगळी ताकद लावून डब्याला लाथ घातली. डबा खणखणत पार भिंतीपर्यंत. आवारभर पोरं उसळली, टाकीमागून, जिन्यातून, गच्चीवरून, आणि आमची थोरली ओरडली, 'काका, राज्य परत तुमच्यावर!'

इतक्या दिवसांत कुणी त्यांच्याशी खरं खेळलं ते एवढंच. फोरमन हसले. हसता हसता खोकले, खोकून झाल्यावर डोळे पुसले आणि म्हणाले, 'नको, पोरांनो. मला लिंबूटिंबूच ठेवा.'

थोरलीने चिमटीकडे बघितलं. चिमटी म्हणाली, 'चालेल. मला नकोय ते.'

तो अर्ज? सोमवारी मोठ्या साहेबांकडे गेला नाही. खिडकीजवळचं त्यांचं टेबल एका पायावर डुगडुगतं, अर्जाची घडी करून त्या पायाखाली घातली. बसले. थोडा वेळ गेला. मग नेहमीच्या आवाजात, 'अरे, चार नंबर चालू कर.'

मी वळलो. या खेपेला नीट ऐकलं होतं. म्हटलं, 'केला साहेब.'

'त्याचं तेल बघत जा.'

'बघतो साहेब.'

दीड वर्ष झालं याला. रोज सकाळी चार नंबर चालू, संध्याकाळी बंद. बाकीचे तिन्ही आळीपाळीने रडतात, गळतात, जळतात, पण चार नंबरची, तुम्हाला सांगतो, आजवर एक तक्रार नाही. आणि संध्याकाळी आवारात फोरमन काही आऊट होईना.

आता माझंही वय झालं, त्रेपन्न संपलं. चार्ज कायमचा माझ्याकडे आला, हाताखाली एक नवीन मुलगी आली, हुशार आहे, तोंडावर मऊ. परवा तिला म्हटलं, 'दोन नंबरचा नट आवळ जरा.' मान वर न करता म्हणाली, 'केला साहेब.'

जाऊन बघावं म्हणून उठलो होतो... परत बसलो.